बंद पडलेल्या विमान कंपन्यांचे कागद: जुनी शेअर सर्टिफिकेटं आणि लेटरहेड जमवायची कशी

मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला उडत गेला आणि अमेरिकेतल्या शेअर बाजाराला विमानांचं वेड लागलं. नावात ‘एअर’ असलं की लोक डोळे मिटून शेअर घेत. त्या भरात सीबोर्ड एअर लाइन या कंपनीचाही भाव वर गेला. गंमत अशी की ती कंपनी रेल्वेची होती! एकोणिसाव्या शतकात तिकडे ‘एअर लाइन’ म्हणजे दोन गावांना जोडणारा सरळ, नाकासमोरचा मार्ग. हा घोळ अजून संपलेला नाही. आजही ऑनलाइन विक्रीत सीबोर्डचं सर्टिफिकेट ‘जुनी विमान कंपनी’ म्हणून लावलेलं दिसतं आणि कुणी ना कुणी ते घेतंही.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, कागद आधी वाचायचा आणि मग घ्यायचा. जुने शेअर आणि बाँड जमवण्याच्या या छंदाला स्क्रिपोफिली म्हणतात. नाव जड आहे, पण काम रद्दीत बसून वाचत राहण्याचं आहे.

आधी एक धागा पकडा

‘विमान कंपन्यांचे सगळे कागद’ असा संग्रह होत नाही, त्याचा फक्त ढीग होतो. एखादा धागा पकडा. माझ्या मते नवशिक्याला सोयीचे धागे तीन आहेत.

पहिला अमेरिकेचा, १९२७ ते १९३४. या काळात कंपन्या भराभर निघाल्या आणि एकमेकींत विरघळल्या. राइट आणि कर्टिस या नावांनी वर्षानुवर्षं पेटंटवरून कोर्टात भांडण केलं, आणि १९२९ मध्ये त्याच नावांच्या कंपन्या एकत्र येऊन ‘कर्टिस-राइट कॉर्पोरेशन’ झाली. त्याच वर्षीची ‘युनायटेड एअरक्राफ्ट अँड ट्रान्सपोर्ट’ ही विमानं बांधणारी आणि विमानसेवा चालवणारी अशी दोन्हींची मालक होती. १९३४ च्या एअर मेल कायद्याने असं एकत्र कुटुंब चालणार नाही असं ठरवलं, आणि तिच्या वाटण्या होऊन बोइंग, युनायटेड एअरक्राफ्ट आणि युनायटेड एअर लाइन्स अशा तीन चुली झाल्या. मूळ कंपनीचा एक कागद आणि तिन्ही वारसांचा एकेक, असे चार कागद एका पानावर लावले की संग्रहाला अर्थ येतो.

दुसरा धागा युरोपचा. ब्रिटनची हँडली पेज १९०९ ची, हॉलंडची केएलएम १९१९ ची, इम्पीरियल एअरवेज १९२४ ची. फ्रेंच आणि बेल्जियन शेअर दिसायला सर्वांत देखणे. त्यांतले बरेचसे धारकाचे असतात. म्हणजे त्यावर मालकाचं नाव नसतं, ज्याच्या हातात कागद तो मालक. खाली लाभांशाच्या कुपनांची पट्टी असते. किती कुपनं कापली गेली ते मोजा. सगळी शाबूत असतील, तर कंपनीने बहुधा कधी लाभांश दिलाच नाही!

तिसरा धागा आपला, १९३२ ते १९५३. तो सर्वांत अवघड आणि माझ्या सर्वांत जवळचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

पैसे बेताचे असतील तर सुरुवात अमेरिकेपासून करा. कर्टिस-राइट, पॅन अमेरिकन, टीडब्ल्यूए यांची रद्द झालेली, म्हणजे मालकी बदलल्यावर कंपनीने बाद केलेली, सर्टिफिकेटं भरपूर उपलब्ध आहेत. त्यांतली साधी एखाद्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाच्या खर्चात मिळतात. त्यांच्यावर हात बसू द्या. राइट बंधूंची मूळ ‘राइट कंपनी’ नोव्हेंबर १९०९ मध्ये स्थापन झाली आणि ऑर्व्हिलने १९१५ मध्ये विकली. तिचा कागद हा मोठ्या लिलावांचा आणि संग्रहालयांचा विषय आहे. तो कुणी स्वस्तात देऊ केला तर त्याला नमस्कार करून पुढे निघा.

सर्टिफिकेट हातात घेऊन वाचणं

समजा, तुमच्यासमोर १९२९-३० च्या सुमाराचं एक अमेरिकन सर्टिफिकेट आहे. ते असं वाचा.

सगळ्यात वर किंवा मधोमध चित्र असतं, त्याला व्हिन्येट म्हणतात. ते आणि भोवतीची वेलबुट्टीची किनार पोलादी पत्र्यावर कोरून छापलेली असते. बोटाचं पेर अलगद फिरवलं की शाई किंचित उठावदार लागते, कोऱ्या नोटेसारखी. खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव शोधा. अमेरिकन बँक नोट कंपनीचं नाव तुम्हाला वारंवार दिसेल. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने अशी कोरीव छपाई सक्तीची केली होती, ती नक्कल अवघड व्हावी म्हणून.

मग कंपनी कोणत्या राज्यात नोंदली ते बघा, बहुतेकदा डेलावेअर. त्याखाली शेअरची संख्या, मालकाचं नाव आणि तारीख. नाव टाइपरायटरने किंवा शाईने लिहिलेलं असतं. इथे जरा थांबा. बरीच सर्टिफिकेटं शेअर दलालांच्या पेढीच्या नावावर असतात, ती रुक्ष आणि स्वस्त. तेच एखाद्या छोट्या गावातल्या बाईच्या नावावर पाच शेअर असतील, तर मी दलालाच्या शंभर शेअरपेक्षा तो कागद आधी उचलतो. १९२९ च्या ऑगस्टमध्ये कुणीतरी बचतीचे पैसे विमानात घातले आणि ऑक्टोबरात बाजार कोसळला, हे सगळं त्या एका तारखेत असतं.

आता सह्या. अध्यक्षाची सही बऱ्याचदा छापील असते, तिला सहीचं मोल द्यायचं नाही. ट्रान्सफर एजंटची, म्हणजे मालकीबदलाची नोंद ठेवणाऱ्याची, आणि रजिस्ट्रार बँकेच्या कारकुनाची सही मात्र शाईची असते. ‘अमक्या प्रसिद्ध माणसाची सही’ म्हणून जादा पैसे मागितले तर भिंगातून बघा. हाताने केलेल्या सहीत शाई वळणावर दाट आणि फटकाऱ्यात विरळ होते. छापील सहीत ती सगळीकडे सारखीच असते.

त्यानंतर रद्द केल्याच्या खुणा. भोकांनी पाडलेली अक्षरं, गोल पंच, आडवा रबरी शिक्का. नवशिके भोकांना नाक मुरडतात. माझं मत उलटं आहे. भोक म्हणजे हा कागद खरोखर व्यवहारात होता याची पावती. न भरलेलं कोरं सर्टिफिकेट किंवा ‘स्पेसिमेन’ लिहिलेला नमुना देखणा असेल, पण त्याला आयुष्य नसतं. फक्त भोक चित्राच्या किंवा महत्त्वाच्या सहीच्या मधोमध पडलं असेल तर किंमत कमी करून मागा.

शेवटी कागद उलटा करा. विक्रेते मागची बाजू दाखवायला कंटाळतात, आणि खरा मजकूर तिथेच असतो. हस्तांतराचा फॉर्म, नव्या मालकाचं नाव, दलालाचा शिक्का, कर भरल्याची चिकटवलेली तिकिटं. मागचा फोटो मागितल्याशिवाय एकही कागद घेऊ नका.

कंपनीचा जन्मदाखला

खरेदीआधी तीन गोष्टी वहीत लिहून काढा: कंपनी नोंदली कधी, तिचं नाव बदललं कधी, संपली कधी. एवढ्यानेच निम्मी फसवणूक टळते.

आपलं उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. ही सेवा टाटा सन्सच्या विमान विभागाची होती. स्वतंत्र पब्लिक कंपनी, म्हणजे एअर इंडिया लिमिटेड, २९ जुलै १९४६ रोजी झाली. याचा अर्थ सरळ आहे. १९४० चं टाटा एअर लाइन्सचं लेटरहेड, पाकीट, पावती असू शकते. पण ‘१९४० चा टाटा एअर लाइन्सचा शेअर’ असूच शकत नाही. तशी वस्तू कुणी दाखवली तर कागद तपासायच्या भानगडीतच पडू नका.

परदेशी उड्डाणांची एअर इंडिया इंटरनॅशनल १९४८ ची. तिचं पहिलं विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं. युद्धानंतर डकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली आणि देशात कंपन्यांचं पीक आलं. निजाम सरकार आणि टाटांची डेक्कन एअरवेज, बिर्लांची भारत एअरवेज, बिजू पटनाईकांची कलिंग एअरलाइन्स. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. म्हणजे यांतल्या काहींचं आयुष्य जेमतेम सात-आठ वर्षांचं, कागद तेवढेच. म्हणूनच त्यांना भाव आहे.

हिंदुस्तान एअरक्राफ्टचं गणित आणखी वेगळं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला ती नोंदवली. अधिकृत भांडवल चार कोटी, भरणा झालेलं चाळीस लाख. शेअर मोजक्या बड्या हातांत होते आणि १९४२ मध्ये कारखाना सरकारने ताब्यात घेतला. अशा कंपनीचं सर्टिफिकेट रद्दीत सापडायची आशा मी धरत नाही. पत्रव्यवहार, कंत्राटाची उत्तरं, पोचपावत्या मात्र कुठल्याही जुन्या पेढीच्या फायलीत निघू शकतात. मराठी संग्राहकाने तिकडे डोळा ठेवावा.

लेटरहेडची भाषा

माझा जीव खरं तर लेटरहेडमध्ये अडकतो. शेअरचा कागद जपण्यासाठीच छापलेला असतो, लेटरहेड फेकण्यासाठी. म्हणून ते कमी उरतं, आणि बोलतं जास्त. ३० मे १८९९ रोजी विल्बर राइटने स्मिथसोनियन संस्थेला उडण्याच्या विषयावरची पुस्तकं मागवणारं पत्र लिहिलं. ते कशावर? ‘राइट सायकल कंपनी’च्या लेटरहेडवर. विमानाच्या इतिहासातलं इतकं मोठं पत्र सायकलच्या दुकानाच्या कागदावर आहे. म्हणून शोधताना फक्त ‘एअर’ आणि ‘एव्हिएशन’ शोधू नका. इंजिनवाले, कापडवाले, पेट्रोलवाले, फुग्यांचे कारखानदार यांचेही कागद चाळा.

तारीख नसेल तर काळ ठरवायच्या खुणा लेटरहेडवरच असतात. ‘१९२’ छापून पुढे मोकळी जागा सोडलेली असते, ते दशक झालं. टेलिफोन नंबर जितका आखूड तितका कागद जुना. तारेचा (टेलिग्रामचा) पत्ता आणि तारेतले शब्द वाचवणाऱ्या सांकेतिक कोडांची नावं, जसं ‘एबीसी पाचवी आवृत्ती’ किंवा ‘बेंटली’, दिसली तर तारांचा जमाना. ब्रिटनमध्ये १९१७ पासून संचालकांची नावं पत्रावर छापावी लागत. ती यादी काळ फार बारकाईने सांगते. भारतीय कागदावर ‘मॅनेजिंग एजंट्स’ची, म्हणजे कंपनीचा कारभार कराराने चालवणाऱ्या पेढीची, ओळ शोधा, कारण ती पद्धत १९७० मध्ये बंद झाली. सर्वांत तळाशी, डाव्या कोपऱ्यात, कधी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचा कोड असतो. किती प्रती, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी छापल्या ते. भिंग न्या, नाहीतर हा खजिना हुकतो.

माझी फजितीही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून मी ‘१९३० च्या दशकातलं’ विमान कंपनीचं कोरं लेटरहेड घेतलं. कागद पिवळट, वर सुरेख विमान. आठवडाभर मित्रांना दाखवत फिरलो. मग आमच्या पोस्टातल्या काकांनी पत्त्यावर बोट ठेवलं: मुंबई, आणि पुढे सहा आकडी पिन कोड. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. पिवळेपणा बहुधा चहाचा होता. ते लेटरहेड मी अजून ठेवलंय, फायलीत अगदी पहिल्या पानावर.

अमेरिकन कागदाला हीच कसोटी झिप कोडची. पाच आकडी झिप १९६३ पासूनचा.

कोऱ्या लेटरहेडपेक्षा वापरलेलं घ्या. माझ्याकडे एका मुंबईच्या पेढीला १९४७ मध्ये आलेलं भाड्याच्या दरांचं पत्र आहे. मजकूर चार ओळींचा. पण डाव्या कडेला फाइलची दोन भोकं, वर आवकचा तिरका शिक्का, त्यावर निळ्या पेन्सिलीची अर्धी सही, आणि समासात कुणीतरी रेल्वेचं पहिल्या वर्गाचं भाडं लिहून वजाबाकी केलेली. विमानाने जावं की नको, याचा हिशोब! असा कागद बनवणाऱ्याला हे सुचत नाही. कोऱ्या जुन्या लेटरहेडवर मात्र नंतर कुणीही काहीही टाइप करू शकतो. कागद खरा आणि पत्र खोटं, ही जोडी सर्वांत घातक.

खरं-खोटं तपासायला दोनच अवजारं

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च. दोन्ही मिळून हजार रुपयांतही येतात.

भिंगाखाली कोरीव छपाईच्या रेषा सलग, धारदार दिसतात. रंगीत ठिपके ठिपके दिसले तर ती आधुनिक प्रिंटरची किंवा ऑफसेटची नक्कल. टाइप केलेल्या अक्षरांच्या मागे कागदाला किंचित फुगवटा असतो. पूर्णविराम तर कधी कधी आरपार गेलेला असतो.

टॉर्च अंधारात वापरा, आणि कागद प्लास्टिकमधून बाहेर काढून. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ते साधारण १९५० पासून. १९१५ चा म्हणवणारा कागद निळसर पांढरा लखलखला, तर विषय संपला. तो मंद, पिवळसर राहिला म्हणजे खराच असंही नाही. जुना कोरा कागद मिळवता येतो. टॉर्च खोटं पकडतो, खऱ्याची हमी देत नाही.

खरेदी

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात, नाण्या-तिकिटांच्या प्रदर्शनांत जुने शेअर गठ्ठ्याने मिळतात. गिरण्या, साखर कारखाने, बँका यांचे जास्त, विमानाचा क्वचित. विक्रेत्याला ‘विमानाचं काही आहे का?’ असं विचारू नका, भाव तिथेच दुप्पट होतो. ‘जुने शेअर दाखवा’ म्हणा आणि गठ्ठा शांतपणे चाळा. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. शेअर दलाल, सीए, वकील यांची जुनी कार्यालयं रिकामी होतात तेव्हा खरा माल निघतो.

ऑनलाइन घेताना आज लावलेल्या किमतीवर जाऊ नका. विकणारा काहीही मागतो. तसाच कागद प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते बघा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुर्मिळ कागद रातोरात मुबलक होऊ शकतो. पूर्व बर्लिनमधल्या जुन्या राइक्सबँकेच्या तिजोरीत पडून राहिलेले शेअर आणि बाँड २००० च्या दशकात विक्रीला आले आणि अनेक जर्मन कागदांचे भाव खाली आले. ते भोक पाडून रद्द केलेले असतात, त्यामुळे ओळखू येतात.

‘हा शेअर अजून वटतो, कंपनीच्या वारसाकडून करोडो मिळतील’ असं सांगणारा भेटला तर चहाचे पैसे देऊन उठा. आणि ग्रंथालयाचा किंवा सरकारी दफ्तराचा शिक्का, नोंद क्रमांक असलेला कागद, तो बाहेर कसा आला याचा लेखी पुरावा नसेल तर घेऊ नका. कितीही मोह झाला तरी.

कायद्याचं एक कलम बहुतेकांना माहीत नसतं. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्टप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला की तो पुरावस्तूत मोडू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. इतर वस्तूंना शंभर वर्षं लागतात, कागदाला पंचाहत्तर. १९४८ चं एअर इंडियाचं पत्र त्या वयाचं झालंय. न्यू जर्सीतल्या भाच्याला वाढदिवसाला ते कुरियरने पाठवण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात विचारा. परदेशातून मागवताना पार्सलवर खरी किंमत आणि ‘रद्द शेअर सर्टिफिकेट, संग्रहासाठी’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

सांभाळणं

पहिला नियम: लॅमिनेशन नाही. फाटलेल्या घडीला सेलोटेपही नाही. तो दहा वर्षांत तपकिरी होतो आणि डाग कायमचा राहतो. इस्त्रीही नाही. घडी पडलेला कागद दोन कोऱ्या, आम्लरहित कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, महिनाभर विसरा.

टाचण्या, स्टेपल, यू-पिना काढा. गंजलेली स्टेपल ओढू नका. मागचे पाय सुरीच्या बोथट टोकाने उभे करा आणि मग अलगद सोडवा.

स्टेशनरीच्या दुकानातलं मऊ, वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. आमच्याकडे एका पावसाळ्यात त्याला दोन सर्टिफिकेटं चिकटली, आणि सोडवताना किनारीची हिरवी शाई प्लास्टिकवर गेली. पॉलिएस्टरचे, मायलर म्हणून मिळतात ते, खिसे घ्या. महाग पडतात, म्हणून आधी चांगल्या दहा कागदांना घ्या आणि बाकीचे आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा.

कोकण-मुंबईच्या हवेत खरा शत्रू दमट हवा आणि कसर. फाइल बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर तापवण्याऐवजी सरळ नव्या आणा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. कडुलिंबाचा पाला कपाटाच्या तळाशी ठेवायचा तर ठेवा, पानांमध्ये नको, हिरवा डाग पडतो. फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा.

प्रत्येक कागदाची नोंद वहीत करा: कंपनी, तारीख, सर्टिफिकेटचा क्रमांक, कुणाच्या नावावर, मागे काय, कुठे आणि कितीला घेतला. कागदावर लिहायचंच तर मागे कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, फक्त नोंद क्रमांक. बॉलपेन नाही, स्टिकर नाही.

पावसाळा संपला, ऑक्टोबरची ऊन्हं पडली की एका कोरड्या दुपारी सगळ्या फायली उघडा. पंखा बंद ठेवा, हात धुऊन कोरडे करा, आणि एकेक खिसा उजेडाकडे धरून बघा. कडेला नागमोडी कुरतडल्याची खूण दिसली तर तो कागद लगेच वेगळा काढा, आणि त्याच्या मागचा-पुढचाही.